समान वाटणी

मराठी माणसाचं जमिनीवर फार प्रेम असतं, असं म्हणतात. हे तितकंसं खरं नाही. त्याचं खरं प्रेम असतं बांधावर. जमीन पडीक राहिली, तिच्यात तरवड माजला, गावची गुरं खुशाल चरून गेली, तरी त्याला झोप लागते. पण शेजाऱ्याने नांगराचं एक तास घालून बांध कोरला, की संपलं. आमच्या आजोबांनी कोकणात एका गडग्यापायी सतरा वर्षं दावा चालवला. तो गडगा ज्या कलमांच्या बागेला होता, ती बाग दाव्याच्या खर्चासाठी नवव्या वर्षी विकावी लागली. उरलेली आठ वर्षं आजोबा नुसत्या गडग्यासाठी भांडले. निकाल त्यांच्या बाजूने लागला, असं आजी शेवटपर्यंत अभिमानाने सांगायची. गडगा आता कुणाचा, हे मात्र तिलाही सांगता यायचं नाही.

अशा घराण्यात जन्मल्यामुळे असेल, पण परदेशात गेलो की लोक जिथे देवळं आणि पुतळे बघतात, तिथे माझं लक्ष कुंपणांकडे जातं. आणि देवाची लीला अशी, की २०२३ च्या सप्टेंबरात त्याने मला थेट कुंपणांच्या पंढरीतच नेऊन सोडलं.

झालं असं, की आमची मुलगी आणि जावई म्युनिकला असतात. तिकडे उन्हाळा सरता सरता माणसांना समुद्र आठवतो, आणि समुद्र आठवला की क्रोएशिया आठवतो. आम्हा उभयतांना त्यांनी बरोबर घेतलं. स्प्लिट बंदरातून बोटीने दोन तासांवर ह्वार नावाचं बेट आहे. त्या बेटावर ह्वार नावाचंच एक नटवं शहर आहे. तिथे श्रीमंत लोक आपापल्या नौका एकमेकांना दाखवायला आणतात. आम्ही तिकडे गेलो नाही. जावयाने खर्चाचा अंदाज आधीच काढला होता. आम्ही राहिलो ते बेटाच्या दुसऱ्या अंगाला, एका लांबट खाडीच्या टोकाशी वसलेल्या स्तारी ग्राद नावाच्या गावात. स्तारी ग्राद म्हणजे जुनं गाव. आपल्या जीर्णनगराचं जुन्नर झालं म्हणतात, त्यातलाच प्रकार. बेटाची राजधानी नव्या ठिकाणी गेली, तिने जाताना जुनं नावही उचलून नेलं, आणि मागे राहिलेल्याला लोक नुसतं 'जुनं' म्हणू लागले. मोठी सून आल्यावर सासूबाईंना जसं सगळे 'म्हातारी' म्हणायला लागतात, तसं.

गाव मात्र म्हातारीसारखंच प्रेमळ. दगडी गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून माणूस आला तर ओळख करून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दारात मांजरं, दोरीवर कपडे, आणि पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याचं पोस्टमॉर्टेम करणाऱ्या दोन आज्या. मला एकदम सदाशिव पेठेत आल्यासारखं वाटलं.

गावात पेतार हेक्तोरोविच नावाच्या कवीचा एक वाडा आहे. हा गृहस्थ १४८७ साली जन्मला आणि १५७२ पर्यंत जगला. वाडा कसला, लहानशी गढीच म्हणा ना. समुद्रातून तुर्क आले तर गावातल्या लोकांनाही आत आसरा मिळावा, अशा बेताने बांधलेली. मधोमध एक चौकोनी तळं, त्यात समुद्राचं पाणी आणि मासे. भिंतीभिंतीवर सुविचार कोरलेले आहेत. आपल्याकडे शाळेच्या फळ्यावर असतात तसेच, पण लॅटिनमध्ये असल्यामुळे गंभीर वाटतात. त्यांतला एक सुविचार शौचकूपापाशी आहे. त्याचा मथितार्थ असा, की स्वतः काय आहेस हे कळत असेल, तर मग तोरा कशाचा मिरवतोस? माणसाला त्याची पायरी दाखवायला याहून योग्य जागा जगातल्या कुठल्याही तत्त्वज्ञाला सापडली नसेल. याच कवीने दोन कोळ्यांबरोबर तीन दिवस होडीतून हिंडून एक दीर्घकाव्य लिहिलं, ते १५६८ मध्ये व्हेनिसला छापलं गेलं. त्यात त्याने कोळ्यांची गाणी लिहून घेतली, आणि मुख्य म्हणजे कोळ्यांची नावंही लिहिली. सोळाव्या शतकातल्या सरदाराने हे करावं याचं मला कौतुक वाटलं. विशेषतः त्याच्या तरुणपणी या बेटावरच्या सामान्य लोकांनी सरदारांविरुद्ध बंड केलं होतं, हे कळल्यावर तर फारच. १५१० ते १५१४ अशी चार वर्षं ते चाललं. म्होरक्या होता मातिया इवानिच, इथल्याच व्रबान्य नावाच्या खेड्यातला. तक्रार साधी होती. बेटाचा कारभार चालवणाऱ्या सभेत आम्हाला जागा नाही. म्हणजे, आम्हाला पंगतीत पानच वाढलेलं नाही.

हे पान न वाढण्याचं प्रकरण लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

गावाच्या पूर्वेला एक सपाट मैदान पसरलेलं आहे. डोंगराळ बेटावर एवढी सपाट जमीन म्हणजे चाळीत गच्ची मिळाल्यासारखं. या मैदानाला २००८ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं. आम्ही भाड्याच्या सायकली घेऊन तिकडे निघालो. (ही सायकलवर आणि मी मागून चालत, असा प्रवास झाला, पण तो विषय वेगळा.) मैदानात शिरल्यावर जावई थांबला आणि म्हणाला, "हं, हाच तो वारसा."

मी इकडेतिकडे पाहिलं. देऊळ नाही, खांब नाही, मुंडकं उडालेला पुतळासुद्धा नाही. द्राक्षांचे मळे, ऑलिव्हची झाडं, आणि त्यांच्यामधून सरळसोट धावणारे दगडी गडगे. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड रचलेला. हुबेहूब आजोबांचा गडगा! फरक एवढाच, की आजोबांचा सतरा वर्षं चालला आणि हे चोवीसशे वर्षं चालले आहेत.

हकीकत अशी. इसवी सनापूर्वी ३८४ च्या सुमारास एजियन समुद्रातल्या पारोस बेटावरचे ग्रीक लोक देवाचा कौल लावून जहाजांतून निघाले आणि इथे उतरले. गाव वसवलं, त्याचं नाव फारोस. त्या फारोसचंच पुढे ह्वार झालं. मग त्यांनी हे सगळं मैदान आखून काढलं. किती शिस्तीत म्हणाल, तर एकेक पट्टी साधारण १८० मीटर रुंद आणि ९०० मीटर लांब. मी बँकेत कर्जखात्यात होतो, त्यामुळे मनात लगेच हिशेब झाला. चाळीस एकर! म्हणजे सोळाशे गुंठे. अशा पट्ट्या एकीला एक लागून, मधून सरळ रस्ते, कडेने गडगे. पुढे पट्ट्यांच्या आत पोटहिस्से पडले, पण मूळ रेषा हलल्या नाहीत. नंतरच्या फेरफार नोंदी बघा. इसवी सनापूर्वी २१९ मध्ये रोमन आले. मग स्लाव लोक आले. १४२० पासून १७९७ पर्यंत व्हेनिसची सत्ता. पुढे ऑस्ट्रिया १९१८ पर्यंत, मग युगोस्लाव्हिया, आणि १९९१ पासून क्रोएशिया. सातबाराच्या उताऱ्यावर एवढे कब्जेदार बदलले, तर आपला तलाठी वेडा होईल. पण गडगा जिथल्या तिथे. इथे हद्दीचा एक दगडही सापडलेला आहे. त्यावर ग्रीक अक्षरांत मालकाचं नाव कोरलंय, मॅथिओस, पिथिओसचा मुलगा. म्हणजे बापाच्या नावासकट. चोवीसशे वर्षांपूर्वीचा सातबाराच तो.

मी भारावून गेलो. मुलीला म्हटलं, "बघ, याला म्हणतात संस्कृती. नव्या मुलखात आली माणसं, आणि पहिलं काम काय केलं, तर समान वाटणी. लहानमोठा भेद नाही, रेटारेटी नाही. न्याय म्हणजे दुसरं काय असतं?"

ही सायकलवरून उतरली होती. गडग्यावर बसून पाणी पीत होती. म्हणाली, "कुणाची जमीन वाटली?"

"म्हणजे?"

"ते आले तेव्हा इथे कोणी राहत नव्हतं का?"

आता राहत होतं, हे मी आदल्या रात्रीच वाचलं होतं. सिसिलीचा डायोडोरस नावाचा जुना इतिहासकार आहे, त्याने हे लिहून ठेवलंय. बेटावरचे मूळ रहिवासी एका उंच, भक्कम जागी राहत होते. ग्रीकांनी त्यांना तिथेच राहू दिलं आणि स्वतः समुद्राकाठी तटबंदीचं गाव बांधलं. मूळ लोकांना हे रुचलं नाही. त्यांनी समोरच्या किनाऱ्यावरच्या इलिरियन भाऊबंदांना बोलावलं. दहा हजारांहून जास्त माणसं लहान लहान होड्यांतून आली आणि त्यांनी बरेच ग्रीक मारले. तेव्हा सिराक्यूसचा राजा डायोनिसियस याच्या सुभेदाराने जवळच्या ठाण्याहून मोठी लढाऊ जहाजं आणली. डायोडोरसच्या सांगण्याप्रमाणे पाच हजारांवर इलिरियन मारले गेले आणि दोनेक हजार कैद झाले. त्यानंतर मैदान मोकळं झालं. अक्षरशः.

हे सगळं मी हिला सांगितलं. तिने बाटलीचं झाकण लावलं. "म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरायचं, आणि आतला माल सगळ्या चोरांत सारखा वाटून घ्यायचा. वा! न्यायच की."

मुलगी हसली. जावयाने दूरच्या डोंगराचा फोटो काढायला घेतला. जावई शहाणा आहे.

"आणि दुसरं," ही म्हणाली, "या चाळीस एकरांच्या पट्ट्यांतल्या किती बायकांच्या नावावर होत्या?"

इथे मला वाचकांना जरा मागे नेलं पाहिजे, नाहीतर एका इलिरियन मैदानावर आमच्या हिचा आवाज एवढा का चढला, ते कळायचं नाही. आम्ही निघण्याआधी पंधरा दिवस हिच्या माहेरून, वाई तालुक्यातून, एक जाड पाकीट आलं होतं. त्यात हक्कसोडपत्राचा मसुदा. हिला दोन भाऊ. वडिलांच्या मागे साडेसात एकर राहिली आहे. वारसांची नोंद करायची, तर बहिणीने 'मी माझा हक्क राजीखुशीने, कोणताही मोबदला न घेता सोडते' असं लिहून द्यावं, अशी पद्धत. पेन्सिलने फुली मारून सहीची जागा दाखवली होती. पाकिटाबरोबर दोन किलो हळद आणि घेवडाही होता.

मेहुणे वाईट नाहीत, हे मी इथे शपथेवर सांगतो. थोरल्याने वयाच्या एकोणिसाव्या वर्षी शिक्षण सोडून नांगर धरला, म्हणून हिचं कॉलेज झालं. वडील तीन वर्षं अंथरुणाला खिळून होते, त्यांचं सगळं त्याने आणि त्याच्या बायकोने केलं. एका भाऊबीजेला हिला मोकळ्या हाताने पाठवलेलं नाही. कायद्याचं म्हणाल, तर २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हिस्सा दिला, आणि तो तिला जन्मानेच असतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगून टाकलं. पण कायदा दिल्लीत असतो आणि माहेर वाईत. थोरल्या मेहुण्याचं फोनवरचं म्हणणं एकच होतं, "ताई, तुला काय कमी आहे? आणि आता आणखी वाटण्या झाल्या तर तुकडे पडतील गं."

त्यावर हिने विचारलं होतं, "तुम्हा दोघांत वाटली की तुकडे पडत नाहीत, आणि मी आले की पडतात होय रे?"

फोनवर बराच वेळ नुसती खरखर ऐकू आली. मग मेहुण्याने पावसाची चौकशी केली.

तर ते पाकीट पुण्याला कपाटात होतं, आणि त्यातली पेन्सिलची फुली मात्र आमच्याबरोबर क्रोएशियाला आली होती.

मी त्या गडग्यावर हिच्या शेजारी बसलो आणि जमीन नेमकी कशाने आपली होते, याचा विचार करू लागलो. विचार करायला ती जागा चांगली आहे, फक्त दगड टोचतात. आधी वाटलं, जो राबतो त्याची. हे सगळ्यांत सरळ. आमच्याकडे १ एप्रिल १९५७ ला कूळकायद्याने 'कसेल त्याची जमीन' केली. आमचे काका त्या तारखेचा उल्लेख मरेपर्यंत 'एप्रिल फूल' असा करत. आपण लुबाडले गेलो, अशी त्यांची ठाम समजूत होती. पण काका, मुळात ती जमीन आपल्याकडे कशी आली, असं विचारलं की ते म्हणत, "पूर्वापार." हा पूर्वापार शब्द मोठा सोयीचा आहे. ज्या वर्षाच्या मागचं आपल्याला आठवायचं नसतं, तिथून पूर्वापार सुरू होतं. काकांचं पूर्वापार कुठल्यातरी पेशवाई सनदेपाशी थांबत होतं. सनद देणाऱ्याने ती कुणाकडून काढून दिली, हे सनदेत लिहिलेलं नव्हतं. पट्टीत डायोनिसियसच्या जहाजांचा उल्लेख नसतो, तसंच.

बरं, राबणाऱ्याची म्हणावी, तर मग वाईची जमीन मेहुण्याचीच. राबला तोच. पण त्याच्याबरोबर त्याची बायकोही राबली, भांगलली, गुरांचं शेणघाण केलं. तिचं नाव सातबाऱ्यावर कुठे आहे? आणि आमची ही लग्नाआधी चार वाजता उठून मळ्यात भाकऱ्या पोचवत होती, ते कशात धरायचं? राबणं मोजायला बसलं की लक्षात येतं, मोजणारा ज्याला राबणं म्हणेल तेच राबणं.

मग दुसरी वाट, वहिवाटीची. आपल्याकडे १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे दुसऱ्याच्या जमिनीवर कुणी उघडपणे, मालकाला न जुमानता, सलग बारा वर्षं कब्जा ठेवला, तर मूळ मालकाचा दावा संपतो. बारा वर्षं! पूर्वी कुंभमेळा, तप आणि हा कायदा यांनी बारा वर्षं धरली, म्हणून मी त्या आकड्याला पवित्र मानत होतो. आता वाटू लागलं, की हे नुसतं अंग झटकणं आहे. पाप फार जुनं झालं की भांडायला कोणी उरत नाही, म्हणून आपण त्याला हक्क म्हणतो. आणखी जुनं झालं की वारसा म्हणतो आणि बघायला सायकली भाड्याने घेतो. मग काय, वाईच्या मेहुण्याने चोवीसशे वर्षं दम धरला तर युनेस्कोची माणसं त्याच्याकडेही येतील?

पण हेही पुरतं खरं नाही. त्या इलिरियनांचा आज दावा लावायचा म्हटलं, तर फिर्यादी कोण आणि आरोपी कोण? ग्रीकांचं आणि त्यांचं, रोमनांचं आणि स्लावांचं रक्त केव्हाच एकमेकांत कालवलं गेलं. आज तिथे द्राक्षं खुडणाऱ्या म्हाताऱ्याच्या एका पणजोबाने दुसऱ्या पणजोबाला लुटलेलं असणार. नुकसानभरपाई त्याने कुठल्या खिशातून काढून कुठल्या खिशात घालायची? जुन्या अन्यायाला मुदत घालावीच लागते, नाहीतर माणसं सकाळी उठून शेताला पाणी देण्याऐवजी आजोबांसारखी कोर्टात जातील. हे मला पटत होतं. फक्त, हा युक्तिवाद नेहमी ज्याच्या हातात जमीन असते त्यालाच आधी सुचतो, एवढंच खटकत होतं.

खुडणाऱ्या म्हाताऱ्याचं मी उगाच म्हटलं नाही. तो खराच तिथे होता, आणि त्याची बायकोही. सुगी चालू होती. त्यांच्या मळ्यातली द्राक्षं पांढरी, बोग्दानुशा जातीची. नावाचा अर्थ देवाने दिलेली. म्हणजे देवदत्ता. आम्ही त्यांच्या गडग्यावर सभा भरवली आहे, याचा राग न मानता म्हातारीने आम्हाला चार घोस आणून दिले. म्हाताऱ्याला जर्मन येत होतं, त्यामुळे मुलीमार्फत आमचं बोलणं झालं. मी विचारलं, या भिंती एवढ्या मजबूत कशा बांधल्या? तो म्हणाला, "बांधल्या कुठे? शेतात दगड फार. खणलं की वर येतात. ते टाकायचे कुठे? कडेला टाकतो. शेत साफ करतो, भिंत आपोआप होते."

हे ऐकून मी थक्क झालो. आजोबांनी सतरा वर्षं ज्याच्यासाठी काढली, तो गडगा म्हणजे मुळात शेतातला केर! ही रचाई आता मान्यता पावलेली कला आहे, २०१८ मध्ये क्रोएशियासह आठ देशांच्या अशा सुक्या भिंतींच्या विद्येलाही युनेस्कोने आपल्या यादीत घेतलं. ते योग्यच झालं. पण म्हाताऱ्याला त्याचं काही वाटत नव्हतं. बोलता बोलताही त्याने एक दगड उचलून कडेला टाकलाच.

पलीकडच्या पट्टीत मात्र नुसतं रान माजलं होतं. ती कुणाची, असं हिने विचारलं. म्हातारी म्हणाली, माझ्या आईकडची. इथे मुलीलाही मिळते. मग पडीक का? तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला द्राक्षांवर फिलॉक्सेरा नावाची कीड आली, मळे बसले, आणि बेटावरची माणसं पोटासाठी अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात गेली. वारस वाढत गेले. आता त्या तुकड्याला एकोणीस मालक आहेत, त्यांतले बारा ऑस्ट्रेलियात. कुणी सही करत नाही, कुणी विकत नाही, कुणी कसतही नाही. "सगळ्यांना सारखं मिळालंय," म्हातारी म्हणाली, "काटे."

मी हिच्याकडे पाहिलं नाही. पाहण्याची गरजच नव्हती. मेहुण्याचं 'तुकडे पडतील गं' हे ॲड्रियाटिक समुद्र ओलांडून आमच्यामध्ये येऊन बसलं होतं. आपल्याकडेही १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा आहे, तो काही कुणी गंमत म्हणून केलेला नाही. सारखं वाटत गेलं की शेवटी वाटायला उरत नाही, हे डोळ्यांसमोर होतं. अगदी खरं होतं. मेहुण्याने ते समोर उभं राहून म्हटलं असतं, तर मी मान डोलावली असती.

ही मात्र म्हातारीला मुलीमार्फत विचारत होती, "तुम्हाला आईच्या वाट्यातलं नाव काढून टाका, असं कोणी म्हटलं का?"

म्हातारीला प्रश्न दोनदा सांगावा लागला. मग ती म्हणाली, "काढायचं कशाला? कसायला दिलं असतं की मी. कुणी विचारायलाच आलं नाही."

परतीच्या वाटेवर ही बराच वेळ बोलली नाही. बोटीत बसल्यावर म्हणाली, "दादाने कसावी ना जमीन. मी काय नांगर धरायला जाणार आहे का? पण त्याने मला असं म्हणायला हवं होतं, की ताई, तुझा हिस्सा मी कसतो. तो म्हणतो, तुझा हिस्सा नाहीच असं लिहून दे. एवढाच फरक आहे." थोड्या वेळाने म्हणाली, "ग्रीकांनी निदान त्या लोकांकडून राजीखुशीने म्हणून सह्या तरी नाही घेतल्या."

मी म्हटलं, "आणि घेवडाही नाही पाठवला."

यावर ती हसली, म्हणून मला धीर आला. पण सहीचं काय करणार, हे मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

पुण्याला आल्यावर हिने पाकीट उघडलं, मसुदा पुन्हा एकदा वाचला, पेन्सिलची फुली खोडरबराने पुसली, आणि हद्दमोजणीचा अर्ज करायला वाईला गेली. मेहुण्यांचा फोन आला, "ताई, मोजणी कशाला?" ही म्हणाली, "सोडायचंय काय, ते आधी बघते तरी."

मोजणीच्या दिवशी मीही गेलो होतो. तीन भावंडं बांधावर तीन दिशांना तोंडं करून उभी. मोजणीदारांनी नकाशा पसरला, खुणा केल्या, आणि दुपारी सांगितलं, की पूर्वेच्या शेजाऱ्याने बांध कोरत कोरत साडेतीन गुंठे आत ओढले आहेत. थोरल्या मेहुण्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. साक्षात आमचे आजोबा! "कधीपासून चाललंय हे? बारा वर्षं व्हायच्या आत दावा लावला पाहिजे," तो ओरडला. मग हिच्याकडे वळून म्हणाला, "ताई, तुझं पण नाव लागू दे लगेच. तिघांच्या नावाने ठोकू."

ही म्हणाली, "चहा झालाय का बघ आधी." वहिनी किटली घेऊन बांधावरून येतच होती. धाकट्याने तेवढ्यात पायाखालचा एक धोंडा उचलला, इकडेतिकडे पाहिलं, आणि कुठे टाकावा ते न कळून हातातच धरून उभा राहिला.